तिसऱ्या फोनसोबत मांजरीला

साल २०२४. माझं वय सत्त्याहत्तर. शिक्षण तिसरी, तीही पुरी नाही, कारण परीक्षेच्या आठवड्यात वडिलांचा पाय मुरगळला आणि मंडईत त्यांच्या जागी पाटी मी उचलली. पुढे बावन्न वर्षं ती खाली ठेवली नाही. लिहिताना एखादा शब्द इकडचा तिकडे झाला तर वाचणाऱ्याने सांभाळून घ्यावं. नाही घेतलं तरी माझं काही अडत नाही.

आमच्या शुक्रवार पेठेतल्या कट्ट्यावर एक निवृत्त हेडक्लार्क येतात. ते स्वित्झर्लंडला जाऊन आले आणि त्याचं वर्णन त्यांनी चार संध्याकाळी वाचून दाखवलं. चारही संध्याकाळी बर्फच पडत होता. मी म्हटलं, बर्फ पाहिलेली माणसं आता पुष्कळ झाली. मोबाइलचं कार्ड पोचवायला मांजरीला जाऊन मुक्काम केलेला माणूस कट्ट्यावर मी एकटाच आहे. तेव्हा आपणही लिहावं.

मांजरी म्हणजे काही फार लांब नाही. दोन बसचा रस्ता. माझी लेक शकू तिथे दिली त्याला एकतीस वर्षं झाली. बारशाला गेलो, वास्तुशांतीला गेलो, जेवलो, हात धुतले आणि शेवटची बस धरून परत आलो. रात्रीचा मुक्काम कधीच नाही. आमच्यात बाप लेकीच्या घरी राहत नाही. हा नियम कोणी केला ते मला विचारू नका. मी केला नव्हता, पण मोडलाही नव्हता.

सोमवारी सकाळी शकूच्या मुलीचा, रेवतीचा, फोन आला. रेवती आधी खराडीला एका कंपनीत कॉम्प्युटरवर काम करायची. बाळ झालं आणि नोकरी सुटली. बाळ आता दीड वर्षाचं आहे, नवरा गुजरातेत पुलाच्या कामावर आहे, म्हणून ही सध्या माहेरी, मांजरीला. तिला घरी बसून करायची एक नोकरी मिळण्यासारखी होती. गुरुवारी अकरा ते दोन परीक्षा, घरूनच, कॅमेऱ्यासमोर. अट अशी, की तीन तासांत नेट तुटलं की परीक्षा रद्द आणि पुढची संधी सहा महिन्यांनी. नेमकं त्याच आठवड्यात रस्ता खोदणाऱ्या यंत्राने त्यांच्या इमारतीची केबल तोडली. केबलवाला रोज "उद्या" म्हणत होता.

"अण्णा, मोबाइलच्या नेटवरच परीक्षा द्यावी लागणार," ती म्हणाली. "पण एका फोनचा भरवसा नाही. म्हणून तीन फोनचं नेट एका कॉम्प्युटरला जोडणारे. माझा आहे, बाबांचा दुसऱ्या कंपनीचा आहे. आईचा माझ्याच कंपनीचा, त्याचा उपयोग नाही."

"का नाही?"

"टॉवर एकच ना. तो बसला की दोघी बसलो. तिसऱ्या कंपनीचं कार्ड आपल्यात फक्त तुमच्याकडे आहे. देता का चार दिवस?"

"नवीन घे की."

"दुकानातलं अंगठा घ्यायचं मशीन बिघडलंय. पुढच्या आठवड्यात या म्हणतो."

"मग माझ्या खोलीवर ये परीक्षेला."

"अण्णा, तुमच्या खोलीखाली दिवसभर तांब्याची भांडी ठोकतात. परीक्षेत बाहेरचा आवाज चालत नाही."

मी थोडा विचार केला. तो नंबर माझ्याकडे अठरा वर्षं आहे. ती कंपनी आता कोणी वापरत नाही म्हणून लोक मला हसतात, आणि लोक हसतात म्हणून मी ती बदलत नाही. शिवाय आमच्या धंद्याची रीत अशी, की माल एकटा पाठवून हमाल मागे राहत नाही.

"कार्ड देणार नाही," मी म्हणालो. "मी घेऊन येतो."

मग रेवती म्हणाली, "म्हणजे तुम्ही इथे राहणार?"

"कार्ड राहणार. मी त्याच्या सोबत."

मंगळवार, मंडई ते मांजरी

लेकीकडे रिकाम्या हाताने जात नाहीत. सकाळी मंडईत जाऊन मेथीच्या चार जुड्या, भरायची वांगी आणि पेरू घेतले. फोन प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळून, दोरी बांधून गळ्यात घातला आणि वर सदरा. हमालीचा बिल्ला असाच बांधायचो, त्यामुळे छातीला सवय होती.

स्वारगेटला हडपसरची बस मिळाली. शेजारी कानात बोंडं घातलेला एक तरुण बसला होता. मी दर थांब्याला सदऱ्यात हात घालून चाचपत होतो ते त्याने पाहिलं. एक बोंड काढून म्हणाला, "काका, कोणाचा कॉल येणारे का?"

"नाही. फोनच गावाला निघालाय. मी सोबतीला आहे."

त्याने बोंड पुन्हा कानात घातलं ते हडपसरपर्यंत काढलं नाही.

हडपसरच्या गाडीतळावर दुसरी बस. पूर्वी इथून पुढे ऊसच ऊस होता. आता उसाच्या मध्ये मध्ये बारा-बारा मजल्यांच्या इमारती उगवल्यात आणि प्रत्येकीला इंग्रजी नाव. शकूच्या इमारतीच्या फाटकावर पहारेकऱ्याने मला अडवलं. आमच्या पेठेत नवा माणूस आला तर चार खिडक्यांतून "कोण हवंय?" येतं आणि उत्तर आवडलं नाही तर पाचवी खिडकी उघडते. इथे तोंडाने कोणी विचारत नाही. पहारेकऱ्याने माझा फोटो काढला, तो चौथ्या मजल्यावर जावयाच्या फोनवर गेला, आणि आत सोडायचं की नाही ते त्यांनी बोटाने दाबून कळवायचं. माझे जावई, पोपटराव, उसाच्या शेतीवर मुकादम होते. त्यांना बटण सापडेना. सासरा दहा मिनिटं फाटकाबाहेर, हातात वांगी.

"मामा, माफी असावी," वर गेल्यावर ते म्हणाले. "म्या चुकून 'नाही' हे दाबलं होतं."

"चुकून?" मी म्हणालो.

शकूने पिशवी घेतली. पोपटरावांनी मेथीची जुडी उलटसुलट करून पाहिली आणि हसू दाबत म्हणाले, "मामा, ही मेथी हितलीच हाय. बांधणी बघा. आमच्याच शिवारातनं पहाटं मंडईत गेली आसंल."

"असेल," मी म्हणालो. "पण आता पुण्यात जाऊन शिकून आलीय."

दुपारी तीच मेथी, भाकरी आणि खरडा. इकडे खरड्यात शेंगदाण्याचं कूट जास्त घालतात, त्यामुळे तिखट उशिरा कळतं आणि कळल्यावर उपयोग नसतो. संध्याकाळी शेवटच्या बसची वेळ झाली तशी शकू दारापाशी येऊन उभी राहिली. एकतीस वर्षांची सवय. मी जागचा हललो नाही. तिने कपाटातून एक चादर काढली, वासावरून कोरी वाटली, आणि गादीवर अंथरली. मी टोपी काढून उशाशी ठेवली.

बुधवार, मांजरी

दुसऱ्या दिवशी कळलं की माझ्या कंपनीची रेंज घरात कुठेच येत नाही. स्वयंपाकघरात नाही, हॉलमध्ये नाही, देवासमोर तर नाहीच. पोपटराव फोन हातात धरून घरभर हिंडत होते, जमिनीखालचं पाणी शोधणारा नारळ धरून हिंडतो तसे. शेवटी रेवतीच्या खोलीच्या बाल्कनीत, कपड्यांच्या दोरीखाली, कोपऱ्यातल्या एका फरशीवर रेंज लागली. एक पाऊल डावीकडे गेलं की जायची.

"इथेच ठेवायचा," रेवती म्हणाली. "वायर पोचणार नाही, पण याचं नेट हवेतून घेता येईल. अण्णा, तुमचं नेट हळू आहे, पण पडत नाही."

हे तिने तक्रार म्हणून सांगितलं की कौतुक म्हणून, ते मी विचारलं नाही. मला जे ऐकायचं होतं ते मी ऐकलं.

मग रंगीत तालीम झाली. तिचा आणि जावयाचा फोन वायरीने कॉम्प्युटरला, माझा बाल्कनीतून. तिने एका मैत्रिणीला चेहरा दिसणारा फोन लावला आणि बाबांना म्हणाली, "आता तुमची वायर काढा." वायर काढली, तशी मैत्रीण तोंड उघडं ठेवून थिजली आणि मग नाहीशीच झाली. तीन फोन असून तुटलं! रेवतीचा चेहरा पडला. मला मात्र तिथे गंमत दिसली, कारण हा घोटाळा मला ओळखीचा होता.

"तू तीन हमाल उभे केलेस," मी म्हणालो, "पण पोतं एकाच्याच डोक्यावर दिलंस. बाकीचे दोघे बिड्या ओढत बसले. तो बसला की पोतं खाली."

"अण्णा..."

"थांब. पोतं तिघांत द्यायचं तर आधी सोडावं लागतं. माल तीन पाट्यांत भरायचा, तिघांना पळवायचं, आणि पलीकडे एक तोलणार बसवायचा. कोणाची पाटी आधी येवो, कोणाची नंतर, त्याने सगळं ओळीने लावून पुन्हा पोतं शिवायचं. मग एखादा हमाल वाटेत बसला तरी त्याची पाटी दुसरा उचलतो. पलीकडे तोलणार नसेल तर तीन काय, तीस हमाल लावून उपयोग नाही."

सगळे माझ्याकडे पाहत राहिले. तिसरी नापास माणसाने कॉम्प्युटरला वाट दाखवली, असं मला वाटून गेलं. पेठेत जाऊन हेडक्लार्कला कसं सांगायचं त्याची जुळवाजुळवही मी मनात सुरू केली.

"हो, तसंच असतं," रेवती म्हणाली. "ती सोय मी कालच घेतलीय. आत्ता फक्त चालू करायची राहिली होती."

जुळवाजुळव मी तिथेच थांबवली.

तिने कसलंसं बटण दाबलं. पुन्हा मैत्रीण आली, पुन्हा वायर काढली. या वेळी मैत्रीण जरा अडखळली आणि बोलतच राहिली.

"तुझा तो तोलणार बसतो कुठे?" मी विचारलं.

"मुंबईत. माणूस नाही अण्णा, मशीन आहे."

"मुंबईचा म्हणजे घाईत असणार. नीट मोजेल ना?"

संध्याकाळी पोपटरावांनी खाली गुऱ्हाळावरून उसाचा ताजा रस आणला. मंडईजवळच्या रसाला बर्फाची चव असते, याला उसाची होती. मी तसं बोललो नाही. मंडईचा माणूस आहे मी.

निजायच्या आधी रेवतीने मला बजावलं, "अण्णा, उद्या फोन आला तर उचलायचा नाही. तुमच्या फोनवर बोलणं सुरू झालं की नेट बंद पडतं. मी कॅमेऱ्यासमोरून हलू शकणार नाही, मान वळवली तरी विचारतात. बाहेर काय चाललंय ते मला कळणारसुद्धा नाही."

"मी काय लहान आहे का?" मी म्हणालो.

गुरुवार, बाल्कनी

अकराच्या आधी शकू बाळाला घेऊन शेजारच्या इमारतीत ओळखीच्यांकडे गेली. रेवतीने काचेचं दार ओढून घेतलं. आतून मला फक्त तिची पाठ दिसत होती, सरळ, शाळेतल्या मुलीसारखी. मी कोपऱ्यातल्या फरशीपाशी खुर्ची टाकून बसलो. समोर ऊस, त्यामागे इमारती, आणि अगदी लांब नदीपलीकडे खराडीच्या काचा चमकत होत्या. तिथली तिची नोकरी गेली तेव्हा ती म्हणाली होती, "बाळापुढे काही नाही, अण्णा." तेव्हा मी मान डोलवली होती. आज पाठ पाहून कळलं की होतं.

अर्ध्या तासाने ऊन फरशीवर आलं आणि फोन तापायला लागला. माझ्याकडे दुसरं काही नव्हतं, म्हणून टोपी काढून त्याच्यावर धरली. चारचौघांत मी बोडक्या डोक्याने बसत नाही. पण चौथ्या मजल्यावर चारचौघं नव्हती, कावळे होते.

साडेबाराला फोन वाजला.

आता हे कसं सांगावं? मंडईत "हमाल!" अशी हाक आली की जो पहिला ओ देतो त्याला पोतं मिळतं. विचार करतो त्याला मिळत नाही. बावन्न वर्षं मी विचार केला नाही. टोपीखालून फोन कानाला कधी लागला मला कळलंच नाही.

"ओ!" मी म्हणालो.

"गणपतदादा, बबन बोलतोय." बबन माझा जुना सोबती. आता आमच्या गणपती मंडळाचा कार्यवाह आहे. "कुठे आहेस? मंडळातर्फे जुन्या हमालाचा सत्कार करतोय. शाल, श्रीफळ, मानपत्र. तुझं नाव घेतलंय. पत्रिका छापणारा समोर उभा आहे. पूर्ण नाव, किती वर्षं काम केलं, पटकन सांग."

खोटं कशाला बोलू? ही हाक यावी म्हणून मी तीन वर्षं वाट पाहत होतो. वाट पाहतोय असं कोणाला कळू दिलं नव्हतं, हे वेगळं.

"लिहून घे," मी म्हणालो. "गणपत... नुसतं गणपत नाही, श्रीयुत घाल. बावन्न वर्षं. आणि थांब, वडिलांच्या जागी केलेलंही त्यातच आलं, तेव्हा..."

एवढ्यात स्वयंपाकघराच्या बाजूने पोपटराव आले. दोन्ही हात हलवत, पण चवड्यांवर, आवाज न करता. माझ्या कानापाशी येऊन कुजबुजले, "मामा, ठेवा! आदी फोन ठेवा! माझं संपलं!"

"काय संपलं?"

"नेट! रोजचा दीड जीबी! मेसेज आलाय, शंभर टक्के संपला म्हून."

"सकाळी तर भरलेला होता!"

"आंगोळीला गेल्तो तवा कुस्त्या बगितल्या, मामा. दोनच."

म्हणजे जावयाचा हमाल बसला होता आणि माझा कानाला लागून सत्काराचं बोलत होता. आत रेवती एका फोनवर होती. काचेतून पाठ अजून तशीच सरळ. तिला काही माहीत नव्हतं. कानात बबन ओरडत होता, "दादा, किती वर्षं? माणूस खोळंबलाय!"

मी लाल बटण दाबलं. न सांगता, बोलणं अर्धं टाकून. आयुष्यात पहिल्यांदा.

फोन पुन्हा फरशीवर ठेवला, वर टोपी. रेंजच्या काड्या एकेक करून उभ्या राहिल्या. तेवढ्यात बबनचा फोन पुन्हा आला. हात पुढे गेला. मी तो मागे घेतला आणि दुसऱ्या हाताने लाल बटण दाबलं. तिसऱ्यांदा आला. पुन्हा तेच. मग मी उजवा हात मांडीखाली दाबून बसलो. पोपटराव शेजारी उकिडवे बसले. दोन वाजेपर्यंत आम्ही दोघे त्या टोपीकडे पाहत होतो. सासऱ्याच्या टोपीकडे कुठल्या जावयाने एवढ्या आदराने पाहिलं नसेल.

"मामा," ते हळूच म्हणाले, "म्या फोनचं बोलत न्हाई. तुमी कुस्तीचं बोलू नका."

"कोण जिंकलं?" मी विचारलं.

"बगायच्या आत शकूनं दार वाजवलं."

दोनला काचेचं दार उघडलं. रेवती बाहेर आली, घामाने डबडबलेली, आणि आधी टोपी उचलून फोन पाहिला.

"नाही तुटलं," ती म्हणाली. "तीन तास एकदाही नाही! फक्त साडेबाराला थोडा वेळ तुमचे दोघांचेही फोन एकदम गायब दिसत होते. काय झालं होतं?"

पोपटरावांनी उसाकडे पाहिलं. मीही उसाकडे पाहिलं.

"आणि शेवटी शेवटी गंमतच," ती पुढे म्हणाली. "दोन मिनिटं माझ्या फोनची रेंज शून्य. बाबांचा तर आधीच गेलेला. सगळं एकट्या तुमच्या फोनवर चाललं होतं, अण्णा. हळू, पण पडलं नाही."

मी टोपी झटकली आणि डोक्यावर घातली. ती आतून ओली झाली होती. कावळ्यांनी काही केलं नव्हतं, माझाच घाम.

पाच वाजता तिच्या कॉम्प्युटरवर पत्र आलं. ती दोनदा वाचून मग ओरडली. शकूने डोळ्याला पदर लावला, पोपटराव गुळाची पोळी करा म्हणाले, आणि दीड वर्षाचं पोर काही न समजता टाळ्या वाजवायला लागलं. नोकरी मिळाली. सोमवारपासून सुरू.

मी बाल्कनीत जाऊन बबनला फोन लावला.

"दादा, तू फोनच कापायला लागलास," बबन म्हणाला. आवाज गार होता. "माणूस किती थांबणार? धोंडिबाचं नाव दिलं."

धोंडिबाने आयुष्यात दोन चहा घेतल्याशिवाय पोतं उचललं नाही. "चांगलं केलंस," मी म्हणालो. "त्याला शाल लागते. मला उकडतं." घरात हे कोणाला सांगितलं नाही. गुळाच्या पोळ्या मात्र तीन खाल्ल्या, आणि चौथी शकूने न विचारता वाढली.

शुक्रवार

दुसऱ्या दिवशी सकाळी उठून मी पिशवी भरली. काम झालं होतं. टोपी घातली, फोन गळ्यात बांधला, आणि चहा घेताना खाली रस्त्यावर केबलवाला दिसला. खड्ड्यात उतरून तो वायरी जोडत होता. चार दिवसांचा "उद्या" आज उजाडला होता. आतून रेवती ओरडली, "आई, नेट आलं!" पोपटराव म्हणाले, "घ्या मामा, आता तुमी मोकळं."

मी पिशवी घेऊन खाली उतरलो. बस दहा मिनिटांत होती. खड्ड्याच्या काठावर उभा राहून मी केबलवाल्याला हाक मारली.

"काय हो, ही पुन्हा कधी तुटेल?"

तो वर बघत राहिला. "आजोबा, लोक विचारतात पुन्हा तुटणार नाही ना."

"लोकांचं सोडा. अंदाजे सांगा."

त्याने रस्त्याच्या पुढच्या टोकाकडे बोट केलं. तिथे यंत्र उभं होतं, तोंड खाली घालून. "सोमवारी तिकडचं खोदणार. वायर त्याच बाजूने गेलीय. मी तर म्हणतो, मंगळवारपर्यंत जाईलच."

माणूस जाणकार वाटला. मी चार मजले चढून वर गेलो, लिफ्ट असून चढलो, आणि पिशवी रिकामी केली.